पडण्याच्या भीतीने वाढलेल्या स्कूटरच्या फेऱ्या : बडोद्यातील एक प्रकरण

उतारवयात माणूस पडला, हाड मोडले आणि मनात पडण्याची धास्ती बसली, की तो गाडी चालवणे आपोआप कमी करील, असे घरच्यांना वाटते आणि पुष्कळदा उपचार करणाऱ्यांनाही वाटते. येथे मांडलेल्या प्रकरणात याच्या उलट घडले. बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात राहणाऱ्या ७१ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे चालणे पडल्यानंतर जवळजवळ थांबले, स्कूटर चालवणे मात्र वाढले, आणि ही वाढ त्या भीतीमुळेच झाली होती. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा त्यांच्याशी संबंध आला. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे. शाळेत गणित शिकवत असल्यामुळे सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणते, तेच संबोधन येथे ठेवले आहे.

पार्श्वभूमी

बाई आणि त्यांचे यजमान जुन्या दुमजली घरात राहतात. ओटा रस्त्यापासून तीन पायऱ्या वर आहे, पायऱ्यांची उंची एकसारखी नाही आणि धरायला कठडा नाही. निजण्याची खोली वर, संडास आणि न्हाणीघर खाली मागच्या बाजूला, आणि मध्ये चार बोटे उंचीचा उंबरठा, अशी घराची रचना आहे. यजमान ७७ वर्षांचे असून काचबिंदूमुळे त्यांची बाजूची नजर बरीच आक्रसली आहे आणि कानांनाही कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांनी वाहन चालवणे केव्हाच सोडले. बँक, औषधे, खंडेराव मार्केटमधील भाजी, यजमानांच्या डोळ्यांच्या तपासण्या, या सर्व कामांची जबाबदारी बाईंवर आणि त्यांच्या गीअर नसलेल्या स्कूटरवर होती. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. पडण्याआधी बाई रोज सकाळी मैत्रिणींबरोबर सुरसागरच्या काठाने फेरी मारत, जवळची कामे पायी करत आणि स्कूटर फक्त लांबच्या कामाला काढत.

घटना

आषाढातील एका रात्री तीनच्या सुमारास संडासाहून परत येताना उंबरठ्याला पाय अडखळून बाई पडल्या आणि डावा हात टेकल्यामुळे मनगटाजवळचे हाड मोडले. पुढची चाळीसएक मिनिटे त्या तेथेच पडून होत्या. वर निजलेल्या यजमानांना हाका ऐकू गेल्या नाहीत, फोन उशाशी राहिला होता, आणि एका हाताने जमिनीवरून उठणे त्यांना जमले नाही. शेवटी बुड घासत त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि तेथील पातेल्याने फरशी बडवली, तेव्हा शेजारणीला जाग आली. हाताला सहा आठवडे प्लास्टर होते. गणपती विसर्जनानंतर त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चिठ्ठीवर मनगट आखडल्याची तक्रार होती. त्या का पडल्या, यापूर्वी कधी पडल्या होत्या का, याविषयी चिठ्ठीत काहीच नव्हते. विचारल्यावर कळले, की आदल्या वर्षी मार्केटमध्ये भाजीच्या ओल्या पाल्यावरून पाय घसरून त्या गुडघ्यावर आपटल्या होत्या आणि ते त्यांनी घरी कुणालाच सांगितले नव्हते.

स्कूटरचा विषय मला चिठ्ठीतून कळला नाही, हेल्मेटमुळे कळला. दारातून खुर्चीपर्यंतचे आठ-दहा पावलांचे अंतर त्यांनी भिंतीला हात लावत, पाय जवळजवळ न उचलता, फरफटत कापले, आणि त्यांच्या कोपरात हेल्मेट अडकवलेले होते. त्यांचे घर दवाखान्यापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे. "बाई, भिंत धरून चालता आणि स्कूटर चालवता?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर शब्दशः नोंदवून ठेवले आहे : "गाडीवर बसले की पाय जमिनीवर नसतात. पाय जमिनीवर असले की भीती वाटते."

एका आठवड्याच्या फेऱ्या लिहून ठेवण्यास मी त्यांना सांगितले. शिस्तीच्या शिक्षिकेने ते काम वहीत रकाने आखून केले. पंधरा फेऱ्यांपैकी नऊ अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या होत्या. कोपऱ्यावरचा वाणी, औषधाचे दुकान आणि गल्लीच्या टोकाचे देऊळ, जेथे त्या चाळीस वर्षे पायी जात आल्या होत्या, तेथेही आता स्कूटर जात होती. सकाळची फेरी बंद झाली होती. मैत्रिणींना त्यांनी गुडघ्याचे कारण सांगितले होते.

तपासणी

पडण्याच्या भीतीचे मापन करण्यासाठी सात प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली वापरली. तिच्यात कपडे घालणे, आंघोळ, खुर्चीतून उठणे-बसणे, जिना, उंचावरची किंवा जमिनीवरची वस्तू घेणे, उतार आणि समारंभास जाणे, या प्रत्येक कामाच्या वेळी पडण्याची किती काळजी वाटते हे विचारतात. गुण ७ ते २८ असतात, आणि १४ व त्याहून अधिक म्हणजे काळजी जास्त असे मानतात. बाईंचे गुण १९ आले. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसण्यास त्यांना साडेसोळा सेकंद लागले. या चाचणीत १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरला जातो. हात छातीशी बांधून तीस सेकंदांत त्या खुर्चीतून सात वेळाच उठू शकल्या. त्यांच्या वयाच्या स्त्रियांसाठी दहापेक्षा कमी ही संख्या सरासरीखालची समजतात. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर ठेवून उभे राहण्यात चार सेकंदांत तोल गेला. डाव्या मुठीची पकड उजवीच्या जेमतेम निम्मी भरली.

हे सर्व आकडे पायांचे आणि हाताचे झाले, परंतु रात्री तीन वाजता पडण्याचे कारण त्यांत पुरते सापडत नव्हते. त्यासाठी औषधांची पिशवी ओट्यावर रिकामी करावी लागली. रक्तदाबाची गोळी संयुक्त होती, तिच्यात लघवी वाढवणारे औषध होते, आणि ती बाई रात्री जेवणानंतर घेत. म्हणजे रात्री उठावे लागण्याची सोय त्या स्वतःच करून ठेवत होत्या. आडवे असताना १४४ असलेला वरचा रक्तदाब उभे राहिल्यावर मिनिटाभरात ११८ वर आला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा त्याहून अधिक उतार हा दखल घेण्याजोगा मानला जातो. याशिवाय क्लोनाझेपामची अर्धी मिलिग्रॅमची गोळी त्या वर्षानुवर्षे, जुन्याच चिठ्ठीवर, झोपेसाठी घेत होत्या. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास एक ते दीड दिवस लागतो, म्हणून रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी अकरा वाजता मार्केटच्या वाटेवरही असतो. ज्या गोळीने रात्री उंबरठ्यावर पाय अडखळला असण्याचा संभव, तीच सकाळी ब्रेकवरचे बोट मंदावत असण्याचा संभव, हा दुवा मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उजव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू होता, आणि चष्मा दूर-जवळ दोन्हींसाठी एकच भिंग असलेला होता. अशा चष्म्यातून पायरीकडे पाहताना नजर भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. साध्या पडण्यातून मनगट मोडलेल्या या वयाच्या स्त्रीच्या हाडांची घनता तपासलीच पाहिजे, म्हणून ती तपासणी सुचवली. नितंबाच्या हाडाचा टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे हाडे ठिसूळ असल्याचे निदान करण्याइतका कमी, निघाला.

स्कूटर चालवताना

पडणे आणि वाहन चालवणे यांच्या संबंधावरचा उपलब्ध अभ्यास बहुतेक मोटार चालवणाऱ्या, श्रीमंत देशांतील वृद्धांचा आहे. अशा अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात, पडल्याचा इतिहास असलेल्या वृद्ध चालकांना पुढे वाहन अपघात होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे ४० टक्के अधिक आढळला होता. परंतु मोटारीत तोल सांभाळावा लागत नाही. दुचाकी वेगात असताना बरीचशी आपोआप स्थिर राहते, आणि चालण्याच्या वेगाच्या खाली आली की तिला सावरण्याचे काम चालकाच्या धडावर आणि पायांवर येते. थांबताना, निघताना, वळवून लावताना आणि स्टँडवर चढवताना शंभर किलोहून अधिक वजनाचे यंत्र एका पायावर तोलावे लागते. टाचेपुढे टाच ठेवून जी व्यक्ती चार सेकंद उभी राहू शकत नाही, तिच्यासाठी स्कूटरचा खरा धोका धावण्यात नसून थांबण्यात आहे.

शाळेच्या रिकाम्या पटांगणावर त्यांना चालवताना पाहिले तेव्हा हे स्पष्ट दिसले. सरळ जाताना त्या उत्तम चालवत. थांबायची वेळ आली की पाच-सहा मीटर आधीपासून डावा पाय खाली सोडून चवड्याने जमीन चाचपडत येत, नजर समोरची सोडून पायाशी जाई, आणि त्याच क्षणी डाव्या मुठीतला ब्रेक अर्धवट दाबला जाई. आपल्याकडील स्कूटरवर मागचा ब्रेक डाव्या हाताशी असतो, आणि एकत्रित ब्रेक असलेल्या गाड्यांत त्याच दांडीने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. मोडलेले मनगट नेमके त्याच बाजूचे होते. मान डावीकडे पुरती वळत नव्हती, आणि डावा आरसा ओट्याला घासून मोडला होता तो परत बसवलेलाच नव्हता. मुख्य स्टँडवर गाडी चढवणे त्यांनी पडल्यापासून सोडले होते.

पाय टेकण्याची वेळच येऊ नये, यासाठी त्यांनी रस्त्यावर एक युक्ती काढली होती. सिग्नल लांबून लाल दिसला की त्या इतक्या हळू येत, की पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. तो झाला नाही, तर कडेच्या दुकानासमोर रेंगाळत किंवा डावीकडे वळून दुसऱ्याच रस्त्याने जात. न्यायमंदिराकडून मांडवीकडे जाणाऱ्या गर्दीत, रिक्षा, हातगाड्या आणि मध्येच बसलेली एखादी गाय यांच्यामधून, अशा रेंगाळण्याने मागच्याची धडक बसण्याचा धोका वाढतो. बाईंना मात्र ही खबरदारी वाटत होती. त्यांना कधी अपघात झाला नव्हता, आणि मुलाला त्या हेच पुनःपुन्हा सांगत.

मुलाचे म्हणणे

मुलगा पुण्याहून आला तो स्कूटरची चावी घेऊन जाण्याच्या तयारीनेच. "आई, आता बस. चावी माझ्याकडे दे. रिक्षा काय थोड्या आहेत?" त्याची काळजी खोटी नव्हती. चावी घेऊन गेल्याने त्या दिवशीचा प्रश्न सुटलाही असता. पण बाई चालत नव्हत्या, आणि रिक्षात चढायला लागणारी पायरीही त्यांना धास्तीची वाटत होती. चावी काढून घेतली असती तर दोन वृद्ध माणसे त्याच तीन पायऱ्यांच्या वर अडकून पडली असती, पायांत उरलेली ताकदही गेली असती, आणि पुढचे पडणे जवळ आले असते. उलट चावी तशीच ठेवली असती, तर अर्ध्या किलोमीटरच्या प्रत्येक फेरीने चालण्याची सवय मोडत गेली असती आणि निकाल तोच लागला असता, थोडा उशिरा.

बाजूला दोन जादा चाके बसवण्याचा पर्यायही पाहिला. तो वाहनात केलेला बदल ठरत असल्यामुळे आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. कागदपत्रांचा प्रश्न येण्याआधीच बाईंनी "सगळी पोळ हसेल" (पोळ म्हणजे गल्ली) म्हणून तो निकालात काढला. अशा नकाराला हट्ट म्हणण्याची घाई मी करत नाही. माणूस जी वस्तू लाजत वापरतो ती कोपऱ्यात पडून राहते, आणि मग जुनीच गाडी बाहेर निघते.

अखेर असे ठरले : स्कूटर काही काळ पूर्ण बंद, त्या काळात पाय, डोळे आणि औषधे यांचे काम, आणि त्यानंतर पटांगणावर पुन्हा पाहून निर्णय. चावी मुलाकडे गेली नाही. ती बाईंच्याच कपाटात राहिली. यजमानांच्या तपासण्यांसाठी ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचा हिशेब ठरवून दिला, आणि त्यानंतरच मुलगा पुण्यास परतला.

उपचार

त्यांच्या फिजिशियननी रक्तदाबाची गोळी सकाळी घेण्यास सांगून तिचे स्वरूप बदलले, आणि क्लोनाझेपाम हळूहळू, दोन-अडीच महिन्यांत, कमी करत बंद केले. ही गोळी एकदम तोडणे धोक्याचे असते. पहिले काही आठवडे झोप वाईट लागली आणि बाईंनी त्याबद्दल सर्वांना बोल लावले. दिवाळीनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि चालताना-जिन्यावर वापरण्यासाठी फक्त दूरचा असा वेगळा चष्मा दिला. हाडांचे औषध सुरू झाले. ओट्याला लोखंडी कठडा बसला, उंबरठ्यावर पिवळा पट्टा आला, पलंग खालच्या खोलीत आला.

व्यायामात घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, टाचेपुढे टाच ठेवून चालणे, बाजूला पावले टाकणे, आणि मान व मनगटाचे व्यायाम होते. घरच्या घरी करण्याजोगा, ताकद आणि तोल दोन्हींवर भर देणारा असा कार्यक्रम न्यूझीलंडमधील ओटागो येथे प्रथम तयार झाला, आणि २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, व्यायामामुळे घरी राहणाऱ्या वृद्धांतील पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटत असल्याचे नोंदवले आहे. हे नियमाने केले तर लागू पडते, यात शंका नाही. पण बाईंची भीती व्यायामाने पहिल्या महिन्यात तसूभरही हलली नाही.

ती हलली ती दुसऱ्याच गोष्टीने. भीती नेमकी कशाची, असे खोदून विचारले तेव्हा त्या हाड मोडण्याबद्दल बोलल्या नाहीत, दुखण्याबद्दलही नाही. त्या चाळीस मिनिटांबद्दल बोलल्या, फरशीच्या गारव्याबद्दल आणि "ह्यांना हाक मारून मारून घसा बसला" याबद्दल. म्हणून आम्ही पडल्यावर उठण्याचा सराव सुरू केला. सतरंजीवर निजायचे, कुशीवर वळायचे, कोपरावर भार घेऊन हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचे, खुर्चीवर हात टेकून जास्त ताकदीचा पाय पुढे रोवायचा आणि उठायचे. पहिल्या खेपेस त्या हात-गुडघ्यांवर येऊन थांबल्या आणि तेथेच रडू लागल्या. पुढच्या आठवड्यात न सांगता उठल्या. जोडीला दारावरच्या बिनतारी घंटीचे बटण गळ्यातल्या दोरीत घालून दिले, आणि घंटी यजमानांच्या उशाशी व शेजारणीकडे अशी दोन ठिकाणी लावली. बाजारात सहज मिळणारी ही वस्तू आहे. तिने प्रश्नावलीतले गुण जितके खाली आले तितके माझ्या कुठल्याही व्यायामाने आले नसतील.

चालणे टप्प्याटप्प्याने वाढवले : आधी ओट्यापासून वाण्यापर्यंत शेजारणीबरोबर, मग देवळापर्यंत एकटीने, मग सुरसागरची अर्धी फेरी. मैत्रिणींना खरे कारण सांगितल्यावर त्यांतल्या दोघी स्वतः पडलेल्या निघाल्या.

पुढील स्थिती

तीन महिन्यांनी बाईंना तीन मीटर जाऊन येण्यास बारा सेकंदांहून थोडे कमी लागत होते, खुर्चीतून त्या अकरा वेळा उठत होत्या, उभे राहिल्यावर रक्तदाबाचा उतार दहाच्या आत आला होता आणि भीतीचे गुण १२ झाले होते. डाव्या मुठीची पकड मात्र उजवीच्या बरोबरीला आली नव्हती. स्कूटर उत्तरायणापर्यंत, म्हणजे मकरसंक्रांतीपर्यंत, बंदच ठेवली, कारण त्या दिवसांत पतंगाचा मांजा गळ्याशी येण्याचा धोका बडोद्यात धडधाकट तरुणालाही असतो. त्यानंतर पटांगणावर पुन्हा पाहिले. आता त्या दोन्ही ब्रेक दाबून, गाडी पूर्ण थांबण्याच्या क्षणी पाय टेकवत होत्या आणि नजर समोर ठेवत होत्या. डावा आरसा बसवून घेतला होता.

वाहन चालवण्याच्या परवान्याच्या बाबतीत, वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि चाळिशीनंतर फॉर्म १-ए मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रात फेफरे, अचानक शुद्ध हरपणे किंवा भोवळ यांविषयी आणि २५ मीटरवरून वाहनाची नंबरपट्टी वाचता येण्याविषयी विचारलेले असते. गेल्या वर्षभरात आपण पडलात का, असा सरळ प्रश्न त्यात नाही. बाईंचा परवाना पुढच्या वर्षी संपतो. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही वेळच्या पडण्याची आणि औषधांची माहिती द्यायची, हे बाईंनी स्वतःहून मान्य केले आहे.

सध्या ज्या अटींवर त्या स्कूटर चालवतात त्या त्यांनीच वहीत लिहिल्या आहेत. दिवसाउजेडीच चालवायची. पावसात, नवरात्रातील संध्याकाळी आणि उत्तरायणाच्या आठवड्यात नाही. मांडवीकडे नाही. अर्ध्या किलोमीटरच्या आतले काम पायीच. यजमानांना मागे बसवायचे नाही, कारण ते चढता-उतरता गाडी एका अंगाला ओढतात. ही अट सर्वांत कठीण गेली, यजमानांना अधिकच. झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चावी कपाटात. पुन्हा पडल्यास, रस्त्यावर तोल जाऊन गाडी आडवी झाल्यास, किंवा डावा ब्रेक पूर्ण दाबता येईनासा झाल्यास पटांगणावर पुन्हा पाहीपर्यंत बंद. शेवटच्या अटीखाली बाईंनी तारीख घालून सही केली आहे, आणि मुलाने त्या पानाचा फोटो पुण्यास नेला आहे. देवळाला मात्र त्या गुडघा दुखत असला की अजूनही अधूनमधून स्कूटरनेच जातात, हे त्यांच्याच वहीत नोंदलेले आहे, आणि त्यावर आमचे बोलणे चालू आहे.